वरून पडणारं छत: जुन्या गेममधला दगडोबा ओलांडायचा कसा

भाचा सुट्टीला इंदूरला आला आणि चौथ्याच दिवशी त्याने माळ्यावरचा खोका खाली काढला. लोकमान्य नगरच्या आमच्या घरात माळ्यावर काय काय पडलंय हे आता आईलाही सांगता येत नाही. पण त्या खोक्यात काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पिवळट पडलेला टीव्ही गेम, दोन रिमोट (एकाच्या वायरीला काळी टेप) आणि सात-आठ कॅसेटी. कॅसेट फुंकून लावली, टीव्हीच्या मागे पिवळी-पांढरी वायर खोचली आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' सुरू झाला.

पुढच्या अर्ध्या तासात तो एकाच दगडाखाली अकरा वेळा मेला.

चौकोनी, राखाडी, दात विचकलेला दगड. छताला चिकटून बसतो, तुम्ही जवळ गेलात की धाडकन खाली येतो. खरं नाव थ्वॉम्प. जपानीत त्याला दोस्सुन म्हणतात, म्हणजे जड वस्तू आपटल्याचा आवाज, आपल्या 'धप्प'सारखा. लहानपणी आमच्या गल्लीत कोणालाच इंग्रजी नाव माहीत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला दगडोबा म्हणायचो. इथेही तेच म्हणतो.

भाच्याची चूक अगदी साधी होती. दगड दिसला की तो पळायचा. मी पोह्यांवर जीरावन टाकत मागे बसून बघत होतो. अकराव्या वेळी मी रिमोट मागितला. त्यानंतर त्याला जे समजावलं ते नीट लिहून काढतोय, कारण त्याच्या दोन मित्रांनाही ते हवंय.

आधी ओळखा: हे छत कशावर चालतं?

दगड पडताना दिसला की हात आपोआप धावतात. तो मोह आवरून आधी एकच गोष्ट ठरवायची. हे छत तुमच्याकडे बघून पडतं, की घड्याळाकडे बघून?

राजवाड्यापाशी रस्ता ओलांडताना आपण काय करतो? स्कूटरवाल्याच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याने आपल्याला पाहिलं की नाही, यावर पाऊल पुढे टाकायचं की मागे घ्यायचं ते ठरतं. सिग्नलला मात्र कोणाचाच चेहरा बघत नाही, उलटे पळणारे लाल आकडे बघतो. छतांचंही तसंच असतं. दगडोबा म्हणजे स्कूटरवाला. साखळीवर वर-खाली होणारा लोखंडी ठोकळा म्हणजे सिग्नल. पहिल्याला फसवता येतं. दुसऱ्याला फसवता येत नाही, त्याची फक्त वेळ पाठ करायची.

ओळखायची रीत अशी. खूप लांब थांबा आणि काहीच करू नका. मनात दहापर्यंत मोजा. छत हललं तर ते घड्याळवालं. दहा आकडे झाले आणि ढिम्म हललं नाही, तर ते तुमचीच वाट बघतंय.

या दहा आकड्यांची भाच्याला सगळ्यात जास्त चीड आली. "मामा, टाइम संपेल ना!" अरे, टाइम संपून क्वचित मरतोस, दगडाखाली अकरा वेळा मेलास.

बघणारा दगड: आधी पाडा, मग जा

सगळी गंमत इथे आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

मारिओ ३ जपानमध्ये १९८८ साली आला, अमेरिकेत १९९० साली. दगडोबा पहिल्यांदा त्यातच दिसला, किल्ल्यांमध्ये आणि गढ्यांमध्ये. त्याचा स्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही. तुम्ही त्याच्या खालच्या पट्ट्यात शिरलात, किंवा शिरायच्या जरा आधीच, तो सुटतो. जोरात खाली येतो, आपटतो, क्षणभर तिथेच बसतो आणि मग रेंगाळत वर जातो. उतरताना विजेसारखा, चढताना गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा. चढत असताना तो पुन्हा पडत नाही. पूर्ण वर, आपल्या जागेवर पोहोचल्यावरच त्याला परत पडता येतं.

म्हणजे चढायला लागणारा तो सगळा वेळ तुमचा आहे. तो मिळवायचा कसा ते बघा.

आधी बी बटण सोडा. बी दाबलेलं असेल तर मारिओ धावतो, आणि धावणारा मारिओ जागच्या जागी थांबत नाही, पाय घासत दोन पावलं पुढे जातो. नेमक्या त्या दोन पावलांत दगड असतो. भाच्याचे अकरापैकी निदान सहा जीव पाय घासण्यात गेले.

मग चालत पुढे व्हा, पण पुढचं बटण धरून ठेवू नका. टक, टक, टक, असं थोडं थोडं दाबा. एका वेळी मारिओ अर्धं घर सरकला तरी पुरे. (घर म्हणजे एक वीट. त्या जुन्या मशीनच्या पडद्यावर आडव्या सोळा विटा मावतात, म्हणून अंतर विटांत मोजणं सोपं जातं.) नजर मारिओवर ठेवू नका, दगडावर ठेवा. मारिओ कुठे आहे हे तुमच्या अंगठ्याला माहीत असतं.

दगड सुटला की लगेच मागचं बटण दाबा. उडी मारायची नाही, हे तीनदा सांगतो, उडी मारायची नाही. उडी मारली की तुम्ही हवेत, दिशा बदलायला वेळ लागतो आणि डोकं दगडाच्या आणखी जवळ जातं.

धप्प झालं. आता लगेच जायचं नाही. तो चढायला लागेल. तुमचा मारिओ लहान असेल तर एक वीट उंचीची फट पुरते. मशरूम खाऊन मोठा झाला असेल तर दोन विटा लागतात. मोठा मारिओ घेऊन एका विटेच्या फटीत घुसणं हा मरणाचा दुसरा लोकप्रिय प्रकार. दगडाच्या बुडाखाली दोन विटा मोकळ्या दिसल्या की बी दाबा आणि सरळ निघा.

झालं. पाडा, मागे या, चढू द्या, जा. सांगायला बारा सेकंद लागतात, हाताला बसायला दोन दिवस.

भाच्याने पुढे विचारलं, "मग नुसतं पळून जाता येत नाही का?" येतं. छत उंच असेल तर दगडाला खाली यायला वेळ लागतो, आणि पूर्ण वेगातला मारिओ त्याच्या आत पलीकडे गेलेला असतो. दगड पाठीमागे आपटतो, ऐकायला छान वाटतं. पण छत बुटकं असेल तर पडायचं अंतर थोडं, वेळ थोडा, आणि पळणारा हमखास सापडतो. माझा हिशोब असा: दगडाच्या बुडापासून जमिनीपर्यंत पाच विटांपेक्षा जास्त जागा असेल आणि धावायला मागे मोकळी जमीन असेल तरच पळायचं. नाहीतर पाडायचं. हा नियम कुठे छापलेला नाही, माझ्या गेलेल्या जिवांवरून काढलाय.

एकापाठोपाठ तीन

खरी परीक्षा ओळीने बसलेल्या दगडांची. पहिला पाडून पुढे गेलात, आता दुसरा समोर आहे. त्यालाही पाडायचं आणि मागे यायचं. पण मागे कुठे येणार? मागे पहिला आहे, आणि एव्हाना तो आपल्या जागी जाऊन बसलाय. तुम्ही दुसऱ्यापासून वाचायला मागे सरता आणि पहिल्याच्या तावडीत जाता.

म्हणून दोन दगडांच्या मध्ये किती विटा आहेत ते आधी मोजा, लांबून, पहिल्याला हात लावायच्या आधी. चार किंवा जास्त असतील तर मधोमध उभं राहता येतं. तिथून दुसऱ्याला पाडताना एकच पाऊल पुढे आणि एकच मागे. तीन किंवा कमी असतील तर मध्ये थांबायचा विचारच सोडा. पहिला चढायला लागल्याबरोबर धावत सुटा आणि दुसऱ्याच्या खालून न थांबता जा. अर्धवट थांबणाऱ्याला दोघंही मारतात.

मारिओ ३ मध्ये आडवे आणि तिरपे सुटणारे दगडही आहेत. त्यांची रीत तीच, फक्त 'मागे' म्हणजे कुठे ते बदलतं. आडवा दगड ज्या ओळीतून येणार, त्या ओळीच्या वर किंवा खाली सरकायचं. हातोडीवाला पोशाख मिळाला असेल तर मात्र मजा आहे. तो हातोडा दगडोबालाही मारतो. बाकी (पान घेऊन मिळणारी) शेपटी मारा, आगीचा गोळा टाका, दगड हसतो.

तो बघतोय

मारिओ वर्ल्ड, १९९० चा, मी लॅपटॉपवर लावून दिला. तिथे बनवणाऱ्यांनी एक मेहेरबानी केलीय, आणि अनेकांना ती वर्षानुवर्षं दिसत नाही. दगडाचा चेहरा बदलतो. लांब असताना तो निवांत असतो. तुम्ही तीन-चार विटांवर आलात की डोळे तुमच्याकडे वळतात. आणखी पुढे सरकलात की तो चिडतो आणि पडतो.

भाचा स्क्रीनला नाक लावून बसला होता. एकदम ओरडला, "मामा, तो माझ्याकडे बघतोय!"

हो. तेच ते. डोळे वळले म्हणजे पुढच्या दोन पावलांत तो पडणार. आता तुम्हाला विटा मोजायची गरज नाही, दगडच सांगतोय. डोळे वळले की थांबा, अंगठा मागच्या बटणावर तयार ठेवा, आणखी एक-दोनदा टक करा, पडला की मागे.

याच गेममध्ये गोल फिरणारी उडी आहे. ती मारून दगडाच्या डोक्यावर पडलात तर मारिओ टुणकन वर उडतो, लागत नाही. साधी उडी मारून तिथेच पडलात तर लागतं. म्हणून दगड खाली आपटून बसलेला असताना फिरकी घेऊन वरून जाणं हा एक सभ्य मार्ग आहे. १९९६ च्या मारिओ ६४ मध्ये तर त्याच्या सपाट डोक्यावर चढून उभं राहता येतं, आणि घड्याळाच्या जगात एक तारा मिळवायला तेच करावं लागतं.

घड्याळवाली छतं

इथे फसवाफसवी नाही, म्हणून थोडक्यात.

सोनिकच्या पहिल्या गेममध्ये, १९९१ च्या, मार्बल झोन नावाचा भाग आहे. साखळ्यांना लोंबणारे ठोकळे, काहींच्या बुडाला काटे. ते तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दोन फेऱ्या उभं राहून बघा. तिसऱ्या फेरीला, ठोकळा वर जायला लागला त्या क्षणी निघा. तो वर पोहोचेपर्यंत थांबलात तर अर्धा वेळ वाया गेला. माझी युक्ती तोंडाने ताल धरायची आहे: खाली "धा", वर "तिन्". तबल्याच्या क्लासला चार महिने गेलो होतो त्याचा एवढाच उपयोग झाला.

आणि सोनिकबद्दल एक लक्षात ठेवा. काट्यांचा धक्का बसला तर वाटेत गोळा केलेल्या सोनेरी अंगठ्या सांडतात, जीव वाचतो. पण ठोकळा आणि जमीन यांच्यामध्ये चिरडलात, तर शंभर अंगठ्या असल्या तरी जीव गेला. काट्याला घाबरू नका, फटीला घाबरा.

मारिओ ३ च्या पहिल्या जगातल्या गढीत काट्यांचं आख्खं छत खाली येतं आणि परत वर जातं. ते सरकताना बघून पोटात गोळा येतो, पण तेही घड्याळच. छत वर जात असताना पुढे जायचं, खाली येताना जिथे जमीन खोलगट आहे तिथे थांबायचं. खोलगट जागा आधी शोधा, पाय नंतर उचला.

त्याच गढीत एक गंमत दडलीय. अंगावर शेपटी असेल आणि धावून उडण्याइतका वेग पकडला, तर सुरुवातीच्या भागात छताच्या वरूनच उजवीकडे जाता येतं. तिथे स्क्रीनवर तुम्ही दिसतही नाही. टोकाला जाऊन वरचं बटण दाबलं की न दिसणारं दार उघडतं आणि आत जादूची शिटी मिळते. गेममध्ये अशा तीनच शिट्या आहेत, आणि त्या वाजवून जगं ओलांडता येतात. १९८५ च्या पहिल्या मारिओतही दुसऱ्या स्टेजला वरच्या विटांवर चढून पळालं की दोन, तीन, चार नंबरच्या जगांचे नळ मिळतात. आमच्या गल्लीत ही बातमी ज्याने आणली, त्याला आठवडाभर फुकट कचोरी मिळाली.

तुमच्या पायाने पडणारं छत

प्रिन्स ऑफ पर्शिया वेगळाच प्राणी आहे. १९८९ चा गेम, साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचं. मी तो कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलो, जिथे आम्हाला वेगळंच काहीतरी शिकवणं अपेक्षित होतं. तिथे वरच्या मजल्याची सैल फरशी हीच खालच्या मजल्याचं छत असते. डोक्यावर पडली तर एक त्रिकोण कमी (राजपुत्राची ताकद तिथे त्रिकोणांत मोजतात).

सैल फरशी ओळखायला जागच्या जागी उडी मारा. जवळची सैल फरशी खडखडते. वाड्यात राहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. दर पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यातला पोपडा सुटणार हे आम्ही टिचकी मारूनच ओळखतो. कड्याजवळ शिफ्ट धरून बाण दाबा, राजपुत्र जपून एक-एक पाऊल टाकतो. आणि प्रत्येक सैल फरशी आधीच पाडून मोकळे होऊ नका. तीच फरशी खालच्या दाबकळीवर पडली तर कळ दबलेलीच राहते आणि तिचा दरवाजा उघडा राहतो. छत तुमच्या कामाला येतं ते असं.

हलतच नाही, तरी मारतं

सगळ्यात कमी बोललं जातं ते साध्या, स्थिर, बुटक्या छताबद्दल. खड्ड्यावर छत खाली असेल तर उडी मारताना डोकं आपटतं, आणि आपटलं की मारिओ तिथून लगेच खाली यायला लागतो. उडी आखूड होते, खड्डा मात्र तेवढाच असतो. पहिल्या मारिओत उभ्याने उडी साधारण चार विटा वर जाते, धावून पाच. छत तीन विटांवर असेल तर उडीचं बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा. बुटकी उडी छताला न लागता लांब जाते.

रिमोटवर टर्बो बटणं असतील तर या भागात त्यांना हात लावू नका. टर्बो ए धरलं की मारिओ बेडकासारखा टुणटुण करतो. हे दाबायचं नाही म्हणून मी त्यावर पांढरी पट्टी चिकटवलीय.

मेगामॅन खेळणाऱ्यांनी छताला काटे असतील तर आणखी सांभाळा. तिथे काटा म्हणजे थेट मरण, ताकद कितीही असो. १९९२ च्या पाचव्या मेगामॅनमध्ये ग्रॅव्हिटी मॅनच्या स्टेजला तर वर-खाली उलटं होतं आणि छतच जमीन बनते. तिथे उलटं होण्याआधी नजर वर टाकायची, काटे कुठे आहेत ते बघायचं, आणि मगच पाऊल.

चूक तुमची नसेल तेव्हा

भाच्याला रीत जमली, तरी तो एका ठिकाणी सारखा मरत होता. माझ्या हातूनही तेच. मग लक्षात आलं की बटण दाबल्यावर मारिओ जरा उशिरा हलतोय. जुन्या डब्बा टीव्हीत हा उशीर जवळजवळ नसायचा. नवे एलईडी चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते थोडं अडवून ठेवतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि चालू करा. चित्र थोडं भडक दिसेल, दिसू दे. दगडापासून मागे येताना एवढासा उशीरही पुरेसा असतो.

आमच्याकडे गेम मोड लावूनही उजवं बटण मध्येच अडकत होतं. रिमोट उघडला तर आत रबराच्या चकतीखाली कुठल्या तरी उन्हाळ्यातली बारीक शेव. कोरड्या कपड्याने पुसली, चकती उलटी-सुलटी करून बसवली, चार स्क्रू. वायर मात्र गेलीच होती, ती जेल रोडवरून आणली.

लॅपटॉपवर खेळत असाल तर दगडाच्या अगदी आधी सेव्ह करा आणि तीच जागा दहा मिनिटं घोटा. याला चीटिंग म्हणणारे आहेत. मी म्हणत नाही. पण दहा मिनिटांनंतर सेव्ह न वापरता एकदा आख्खी स्टेज खेळा, नाहीतर हात फक्त त्या एका जागेपुरता शिकतो.

काल संध्याकाळी भाचा दोन दगड स्वच्छ ओलांडून तिसऱ्यापाशी उभा होता. बी सोडलेलं, नजर वर, अंगठा मागच्या बटणावर. ताई आतून तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती. त्याने हळूच टक केलं. दगड हलला नाही. आणखी एक टक. "मामा," तो मान न वळवता म्हणाला, "ताटं वाढायला सांग, मी याला पाडून येतो."